खुर्च्यांचा हिशेब

बऱ्हाटे सरांनी दोनशे सांगितल्या,
मी दीडशेच टाकल्या.
अमळनेरात व्याख्यानाला किती माणूस टेकतं
ते सरांपेक्षा माझ्या टेम्पोला जास्त कळतं.

एकतीस वर्षं झाली.
लग्नात त्याच, गंधमुक्तीला त्याच,
विद्यापीठाच्या युवक महोत्सवाला त्याच.
निळ्या. पाठीवर पांढऱ्या रंगात 'सोनवणे'.
पहिलं अक्षर पुसलं गेलं बहुतेकींचं,
म्हणून मागून काढलेल्या प्रत्येक फोटोत
आमचं आडनाव 'नवणे' आहे.

खुर्च्या परत न्यायच्या असतात,
म्हणून मला शेवटपर्यंत थांबावं लागतं.
बाकी सगळ्यांना उठता येतं.
कुणाची भुसावळकडची पॅसेंजर असते,
कुणाच्या मेसमध्ये भरीत असतं.
मी थांबतो.
असं थांबता थांबता यमन ऐकला,
किती गळ्यांतून ते मोजलं नाही.
एकांकिका मोजल्या: एकशे त्रेचाळीस.
त्यांतल्या शंभरात शेवटी कुणीतरी मरतं
आणि निळा लाईट पडतो.

गुमान पावरा म्हणून होस्टेलचा पोरगा होता.
त्याने पावा वाजवला तेव्हा
एक परीक्षक मोबाईलवर बोट फिरवत होते.
मी मागे खुर्च्या एकात एक घालत होतो,
एक हातातच राहिली, उचललेली,
तो थांबेपर्यंत.
मनगट दोन दिवस दुखलं.
नंबर काही आला नाही त्याचा.
धडगावकडे तलाठी झालाय म्हणतात.
वाजवतो का अजून, हे कुणाला विचारू?

कधीकधी सर धावत येतात,
"आप्पा, पुढे बसा ना जरा, पाहुण्यांना रांग रिकामी दिसते."
मग मी, माझा युनूस हमाल, कॅन्टीनचा पोऱ्या,
पहिल्या रांगेत, पाय आवरून.
दुसऱ्या दिवशी पेपरात:
'रसिकांची उत्स्फूर्त उपस्थिती.'
युनूसने ते कात्रण टेम्पोच्या काचेला चिकटवलंय,
लिंबू-मिरचीच्या शेजारी.

गेल्या माघात कॉलेजने वहीवाले आणले.
पातोंड्याचे हिलाल बाबा आणि चौघं.
बाबांनी कोपऱ्यात कागद पेटवून चंग शेकला,
शिपाई ओरडत आला, तोवर चंग तापला होता.
माईक त्यांनी पायाने बाजूला सारला.
मग माझ्या खुर्च्यांकडे पाहिलं
बाजारात दुसऱ्याच्या बैलाकडे पाहावं तसं.
"वही आयकनी शे ते खाले बठा रे भो."

आणि लोक उठले!
प्राचार्य उठले, पॅन्टच्या गुडघ्याला चिमूट धरून.
कॉम्प्युटरच्या मुली उठल्या, चपला काढल्या.
खुर्च्या भिंतीकडे ढकलल्या गेल्या,
तिरप्या, एकमेकींवर रेललेल्या,
दीडशेच्या दीडशे रिकाम्या,
आणि फरशीवर पाय ठेवायला जागा नाही.
एका बाजूने सवाल,
दुसऱ्या बाजूने जवाब,
साडेअकरा वाजून गेले.
घड्याळ लावायला आलेला पोरगाच
मांडीवर ठेका धरून बसला होता.

मी दाराशी उभा.
एकतीस वर्षं माणसांना बसवलं,
स्वतः कुठे बसावं ते सुचेना.
बाबांनी चंगावरची नजर न काढता म्हटलं,
"तू बी."

रात्री पोराने विचारलं,
कुणी बसलंच नाही, तर भाडं लावायचं का?
लावायचं, म्हटलं. नेल्या, आणल्या,
डिझेल काय हिलाल बाबा देणार आहेत?
दीडशेचं बिल लिहिलं, सही केली.
मग खोडून एकशे एकोणपन्नास केलं.

सर विचारतील तर सांगेन,
एकीचा पाय मोडका होता.