हिरव्यातली चूक

छत्तीस वर्षं मी नोटा तपासल्या,
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, उजेडाच्या टेबलापाशी.
केसाएवढी रेघ सरकली,
शाई अर्ध्या छटेनं उतरली,
की ताव बाजूला.
घरी बायको म्हणायची,
मेथीकडे असं बघू नका हो, खरीच आहे ती.

म्हणून सांगतो, हिरव्याशी माझी ओळख होती.

डांबर रस्त्याच्या कामावर सापडला,
रिकाम्या पिंपात, शेपटीला खडी चिकटलेली.
स्कूटरवर माझ्या पायांशी बसून यायचा,
गंगापूर रोडनं कान उडवत.
सोमेश्वर मागे पडलं की कुईकुई सुरू.
पाण्याचा वास त्याला माझ्याआधी दोन कोस यायचा.

गंगावऱ्ह्याच्या पुढे एक पाझर तलाव आहे.
वरच्या उताराला द्राक्षबागा,
नुकती छाटणी झालेली, खतं पडलेली,
आणि ऑक्टोबरचं ऊन असं
की म्हशीही सावली सोडेनात.

त्या सकाळी वाऱ्यानं सगळं एका काठाला आणून लावलं होतं.
कुणी रंगाचा डबा उपडा करावा तसं.
शेवाळ म्हटलं की हाताला तार येते.
ह्याला तार नव्हती.
काठी बुडवली, काठीवर साय चढली,
वाटलेल्या कोथिंबिरीसारखी,
कडेला जरा निळसर.

निळसर. हे मी पाहिलं.
टेबलापाशी असतो तर ताव बाजूला काढला असता.
इथे मी काठी फेकली.

अकरा वेळा. मोजायची सवय जात नाही.
अकराव्यांदा तो पोटभर पिऊनच आला,
माझ्या चपलेवर अंग झाडलं,
आणि बसला स्वतःला चाटत,
पंजे, पोट, शेपटीचं टोक,
सणाला ताट चाटावं तसं निगुतीनं.
मी हसलो. म्हटलं, आंघोळ झाली, आता फराळ का रे?

आनंदवल्लीपाशी त्याचे मागचे पाय
त्याचे राहिले नाहीत.

डॉक्टर शिरोडे बाईंनी आधी तोंडातला फेस पाहिला,
मग माझी चप्पल.
कुठलं पाणी, म्हणाल्या.
मी सांगितलं. त्या हळू बोलल्या,
जसं आम्ही खराब गठ्ठा निघाल्यावर बोलायचो.
प्यायला नसता तरी चाटून गेलंच असतं पोटात, काका.
ह्यावर उतारा नाही.
सलाईन लावली तरीही. बहुधा माझ्यासाठी.
पावणेअकराला त्यांनी हातमोजे काढले.

आठवड्यानं परत गेलो. का, ते माहीत नाही.
पुंजा बेंडकोळी शेळ्या घेऊन बसला होता,
तलावापासून लांब, हापशापाशी.
म्हणाला, मोरपाणी म्हणतो आम्ही त्याला.
मोर उतरला की जनावर सोडायचं नाही.
तुम्हाला ठावं नव्हतं?
मी म्हटलं, सांगायचं तरी.
तो म्हणाला, रोज हात करायचो की.
तुम्ही हेल्मेट कधी काढलंच नाही.

मग पाटी रंगवली.
अक्षरं तासाभरात झाली,
खालचा पट्टा लावायला तीन दिवस.
पिवळा जास्त, मग निळा जास्त,
बायको म्हणाली, कुणाला कळणार आहे?
चौथ्या सकाळी जमला. तोच.
माझ्या आयुष्यातला हा एकच रंग
मी स्वतः छापला.

आता थंडीत पाणी निवळलंय, तळाचे गोटे दिसतात.
पोरं पाटीवर शर्ट वाळत घालतात.
आजोबा, कुठंय विष?
मी काय दाखवू.
रविवारी एक कॅन आणि स्टीलचं भगोणं घेऊन बसतो,
नळाचं पाणी, घरून आणलेलं.

परवा एक मुलगी आली बुलेटवरून,
मागच्या पिशवीत पिवळं पिल्लू, तोंड बाहेर काढून.
ते उडी मारून थेट काठाकडे निघालं.
मी हात केला.
तिनं गाडी स्टँडला लावली,
आणि हेल्मेट काढलं.