आणि इतर

विष्णुपुरीच्या कमानीसमोर, झेरॉक्सच्या मागच्या खोलीत
मी संदर्भसूची लावून देते. पानाला बारा रुपये.
आडनाव आधी, स्वल्पविराम, मग नाव,
कंसात साल, पुस्तकाचं नाव तिरपं.
पोरं विचारतात, मॅडम, टिंब कंसाच्या आत का बाहेर?
बाहेर.
मागच्या वर्षीच्या गाइडला आत लागायचं.

काल हदगावचा दत्तहरी आला, बारवांवरचा प्रबंध घेऊन.
त्याच्या गावची बारव कुणी कुणी उपसली
हे सांगणारे चौघं:
गयाबाई वाव्हळ, शेख मैनोद्दीन, रखमाजी वडार,
आणि एकजण,
जो नाव विचारायच्या आत शेळ्या हाकत निघून गेला.

नियम असा, की तिघांच्या वर गेले
तर पहिलं ठेवायचं, बाकीचे ‘आणि इतर’.
मी ठेवलं.
तेवढ्यात लाइट गेली.

अंधारात तो म्हणाला,
मॅडम, माझी दोरी त्या इतरांतल्यानंच धरली होती.
खाली लई शेवाळ होतं.

मी काही बोलले नाही. पंख्याची पाती हळूहळू थांबली.

लाइट आल्यावर बघितलं तर
समासात गाइडनं लाल शाईनं विचारलेलं: पान क्रमांक?
दत्तहरी म्हणाला, पान नव्हतं ना. सतरावी पायरी होती.

हे कुठल्याच पद्धतीत बसत नाही.
चारही ओळी परत टंकल्या,
चौथीत नावाच्या जागी: शेळ्यांवाला.
सतरावी पायरी. टिंब बाहेर.

पुढची टीपही त्याचीच निघाली.
तत्रैव, पायरी अठरा.