स्प्रिंग किती घट्ट

नाव क्लिपलेस, आणि सगळा कारभार क्लिपचा.
आमच्याकडे अशा नावाला सोनुबाई म्हणतात.

कणकवलीत गुणाजी तायशेट्यांच्या दुकानात
काचेवर तीन जोड्या मांडलेल्या:
एक बारीक, चहूबाजूंनी तोंड उघडं,
चिखल आपोआप गळून पडतो म्हणे;
एक भक्कम, पिंजऱ्यासकट,
नेम हुकला तरी बूट टेकायला जागा असलेली;
आणि एक सपाट, खिळ्यांची,
जी मी सात वर्षं वापरतेय
आणि जिच्या दातांच्या खुणा
माझ्या उजव्या नडगीवर ओळीने आहेत.

"तुम्ही चालवतास खंय?"
सड्यावर, मी म्हटलं.
तांबळडेगहून वर, चिरेखाणीच्या कडेने,
जिथे जांभा चाळणीसारखा भोकाभोकांचा,
मग पाणंद, मग वहाळ,
आणि पलीकडे असा चढ
की मागचं चाक फिरतं, पुढचं विचार करतं,
आणि माझा पाय पेडल सोडून हवेत.
त्यांनी डॉक्टरसारखी मान हलवली.
"गुडघो कसो आसा?"

डावा कुरकुरतो. हे मी घरीही सांगितलं नव्हतं.
मग टाचेला सहा अंश
इकडेतिकडे हलायची मुभा हवी, ते म्हणाले.
सहा अंश!
पोस्टाच्या नोकरीत मला एवढी मुभा नाही.

पैसे दिले नाहीत. घरी आले.

दुसऱ्या दिवशी शाणू आला, नारळ पाडायला.
काथ्याचा फास दोन्ही पावलांत घातला
आणि माडाला टाळी मारावी तसा
दोन्ही पायांनी एकदमच वर, पुन्हा वर.
मी खालून ओरडले, पाय बांधून भीती नाही वाटत?
आधी एक शहाळं आलं, मागून उत्तर:
"बांधललो पाय वर जाता.
सुटो पाय खाली येता."
मी शनिवारीच जाऊन पिंजऱ्यावाली जोडी आणली.

पण एक गोष्ट मी पाहिली आणि सोडून दिली:
खाली उतरताच शाणूने पहिल्यांदा
फास काढून खांद्यावर टाकला होता.

मिठबावच्या तिठ्यावर, तिसऱ्या दिवशी,
एसटीला वाट द्यायला थांबले.
टाच बाहेर वळवायची, एवढंच होतं.
सात वर्षांच्या सवयीने मी पाय वर ओढला
आणि पडले.
वेगात नाही, उतारावर नाही,
उभ्या जागी, सावकाश,
भाताचं पोतं कलंडावं तशी,
येसू तारकरणीच्या पाटीला खेटून,
सगळी एसटी डाव्या खिडक्यांत गोळा झालेली.
येसूने आधी बांगडे मोजले, मग माझ्याकडे पाहिलं.
"पाय काढूक इसारलंस गे?"

खोक्यातल्या माहितीपत्रकात
सहा भाषा होत्या. हे वाक्य एकीतही नव्हतं.

संध्याकाळी अंगणात सायकल उलटी करून
पान्याने स्प्रिंग सैल केली.
एक टिक. अजून एक.
डाव्या बाजूची जास्त, कारण मी डावीकडेच पडते,
हे आता तालुक्याला माहीत आहे.
किती सैल, ते कोणी सांगत नाही.
चढावर सुटू नये, पडताना अडू नये;
मधली जागा फार तर अर्ध्या टिकीची,
आणि खारा वारा ती महिन्यात खातो.
मग तेलाचा थेंब, पुन्हा पाना, पुन्हा कान.

परवा तो वहाळापलीकडचा चढ
पाय न टेकता गेला.
वर कोणी नव्हतं. एक टिटवी होती,
तिने आरडाओरड केली, पण ती कोणालाही बघून करते.

आता सकाळी नऊला
पोस्टाच्या शहाबादीवर माझे बूट वाजतात,
तळव्याचं लोखंड, टक् टक्,
आणि पेन्शनसाठी बाकावर बसलेले नारबा
पेपरातून डोकं न काढता
शेजारच्याला सांगतात:
"उठ. नालवाली इली."