रकाना सात

तीस हजार मंजूर झाल्याचं पत्र आलं तेव्हा
खानापुरातल्या आमच्या खोलीत आम्ही चौघं होतो
आणि कप तीन.
पत्र कन्नडात. निलव्वा वाचत गेली,
मी मराठीत उतरवत गेलो.
एका शब्दाशी दोघंही अडलो,
दोन्हीकडं तोच होता तरी :
सबलीकरण.
ती म्हणाली, म्हणजे काय, बळ?
मी म्हटलं, तेच. कागदावर जरा लांबट लागतं.

आमचं काम फार सांगण्यासारखं नाही.
सरकारी दवाखान्याच्या दारात सकाळी आठपासून
आमचं एक माणूस उभं असतं.
जांबोटीकडून, कणकुंबीकडून लोक येतात,
हातातली चिठ्ठी उलटी धरून.
त्यांना सांगायचं, ही खिडकी नव्हं मामा, पलीकडची.
आणि त्यांचं 'कसंतरीच होतंय'
डॉक्टरांच्या कन्नडापर्यंत न्यायचं,
वाटेत सांडू न देता.

अर्जात रकाना सात होता :
स्वयंसेवकांचे एकूण मासिक तास.
मी उद्यमबागेत फौंड्रीत तीस वर्षं टाइमकीपर.
तास मोजून पोट भरलं,
तरी हा रकाना तीन रात्री कोरा राहिला.
दिलशाद मुल्लाणी खिडकीपाशी उभी होती, ते धरले.
पण एका म्हातारीनं तिची ओढणी धरली
आणि एक्सरे होईपर्यंत सोडलीच नाही,
ते काम की नुसतं थांबणं?
भावकू शववाहिकेतून नागरगाळीपर्यंत गेला.
परतीला गाडी नाही,
म्हणून त्याच घरच्या ओट्यावर झोपला.
झोप धरायची?

रकाना नऊ : प्रवासखर्च. तपशील द्यावा.
धारवाडहून तपासायला आलेल्या मॅडम चांगल्या होत्या,
आमच्या माठातलं पाणी मागून प्यायल्या.
म्हणाल्या, बायकांना बस फुकट आहे की आता.
आहे. पण बस फाट्यापर्यंत.
फाट्यापासून घर दोन कोस, मध्ये गवे.
टेम्पोवाला वीस घेतो, अंधार पडला की तीस.
निलव्वा म्हणाली,
मॅडम, आम्ही फुकटच येतो.
पण फुकट यायला पैसे लागतात.
मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं
आणि खाली रेघ ओढली.

लुमाण्णा दोन वर्षांपूर्वी यायचा बंद झाला होता.
हौस फिटली, असं आम्ही म्हणालो होतो,
मीही म्हणालो होतो, जरा मोठ्यानंच.
पहिला हप्ता जमा झाल्यावर गुंजीला गेलो त्याच्याकडं.
तो भाताच्या गंजीवर होता, खाली उतरला नाही.
वरूनच म्हणाला,
दिवसाला अडतीस लागायचे जाऊन येऊन.
अरे मग सांगायचं की!
काडी चावत बसला बराच वेळ.
मग म्हणाला, मागायला लाज वाटायली.
आपण द्यायला आल्यालो न्हवं?

माझ्या वहीत त्याच्या नावापुढं
गैरहजर, गैरहजर, गैरहजर.
टाइमकीपरच्या अक्षरात, सरळ रेषेत.

मंगळवारी तो आला. बिल्ला त्याच्याकडंच होता,
पिन गंजलेली, सदऱ्याला तांबडा डाग पडला.
कुणी काही बोललं नाही. निलव्वा म्हणाली,
बर्री, आणि खिडकी दाखवली.

रकाना सातात शेवटी चारशे बारा लिहिले.
झोप धरली नाही. ओढणी धरली.

आता वर्षअखेर हिशेब द्यायचा आहे.
तिकिटं बिस्किटांच्या डब्यात साठवतोय.
यंत्रातून निघालेली, त्यांची शाई उडते,
चैत्रातलं तिकीट आषाढात कोरं.
म्हणून निलव्वा रोज संध्याकाळी
प्रत्येकावर पेनानं आकडा गिरवते, कन्नडातला,
खाली मी मराठीतला.
बेरीज अजून तरी
दोघांची एकच येते.