ओला हातोडा

साठ रुपयांचा हातोडा.
रविवारच्या जुन्या बाजारात पोत्यावर पडलेला,
दांडा गच्च, डोकं जड.
दोनदा हवेत फिरवून पाहिला आणि घेतला.

मे महिन्यात, त्रेचाळीस डिग्रीत,
तिसऱ्या घावाला डोकं सुटलं
आणि थेट यल्लव्वाच्या पत्र्यावर.
"काय पडलं गं?" ती आतूनच ओरडली.

विकायच्या आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवतात, हे नंतर कळलं.
लाकूड फुगतं, डोकं घट्ट बसतं,
गिऱ्हाईक गल्लीत पोचेपर्यंत टिकतं.
आमच्या नळाला पाणी पाच दिवसांनी येतं
आणि इकडे हातोडे रात्रभर डुंबतात.

मला तरी कळायला हवं होतं.
बावीस वर्षं शाळेचे गणवेश शिवते मी.
कात्री घ्यायला गेले की दुकानदाराला घाम फुटतो.
पिशवीतून ओली मलमलीची चिंधी काढते,
अगदी टोकानं कापून बघते.
कापली तर कात्री.
चावली तर ठेव तुझ्याकडेच.
पण लोखंडाच्या दुकानाची पायरी चढले
की कुठली चिंधी नि कुठलं काय,
मी नुसती "ताई" होते.
"ताई, घरातल्या कामाला चालतंय की."

चालतंय की.
या दोन शब्दांपायी गेलेले पैसे
शिलाईच्या वहीत, मागच्या पानावर आहेत:
हातोडा साठ, पुढचं माहीत आहेच.
पाना एकशे वीस, आरशासारखा चकचकीत,
नटाचे कोपरेच खाऊन बसला.
पेचकस, सहा नग साठ रुपयांत,
पहिला जिलबीसारखा पिळला, बाकीचे मी उघडलेच नाहीत.
ड्रिल मशीन नऊशे.
भिंत काळ्या दगडाची. दुसऱ्या भोकाला धूर,
आणि घरभर जळक्या वायरीचा वास, दोन दिवस.
एकूण अकराशे चाळीस.
एवढ्यात एक मोठा शर्टाचा गठ्ठा शिवून होतो.

मग पुन्हा गेले, त्याच बाजारात.
या वेळी पिशवीत नट होता,
टाकीच्या पाइपावरचा, खाल्लेल्या कोपऱ्यांच्या जागी घेतलेला नवा.
दस्तगीरभाईच्या पोत्यावर गंजलेला एक पाना,
दांड्यावर ठोकून काढलेलं "ब. गु. ३१७".
"गिरणीका है, आपा. मालक गया, गिरणी गयी, ये रह गया."
मी जबडा हलवला. हलला नाही.
चाक अंगठ्यानं फिरवलं, कुरकुरलं पण फिरलं.
नट जबड्यात धरून उन्हासमोर नेला,
मधून उजेड दिसतोय का बघितलं.
किती?
एकशे ऐंशी.
मी लगेच पैसे काढले.
त्यालाच शंका आली.
"कुछ कम तो बोलो आपा," म्हणाला,
"ऐसे कोई लेता क्या?"

रात्रभर रॉकेलमध्ये ठेवला,
सकाळी चुलीच्या राखेनं घासला, नारळाची शेंडी घेऊन.
ब. गु. कोण, माहीत नाही.
त्याचा तळवा माझ्यापेक्षा मोठा असणार,
मला दोन्ही हातांनी धरावा लागतो.
पहाटे तीनला पाणी आलं तेव्हा
आठ महिने गळणारा सांधा
पाऊण फेऱ्यात गप्प बसला.

ड्रिल मात्र घेणार नाही.
वर्षाला चार भोकं, त्यासाठी कशाला?
चौकातला नागनाथ तासाला पन्नास घेतो,
वर स्वतःच येऊन भोकं पाडतो,
कारण मशीन दुसऱ्याच्या हातात त्याला बघवत नाही.
आता मला ते समजतं.
काल यल्लव्वानं पाना मागितला,
तर मी म्हटलं, थांब, मीच येते.

तिचा नट आवळला.
वळले, तर दारात विड्यांचं सूप,
तेंदूच्या पानांवर ओलं फडकं,
आणि पंख्यानं उडू नये म्हणून फडक्यावर
माझ्या हातोड्याचं डोकं.
"लई चांगलं वजन आहे गं," ती म्हणाली,
"कुठं मिळालं? अजून एक आण की."