तेरावा खाना

पडद्यावर सोळा खाने.
पहिल्यात ठोका, पाचव्यात, नवव्यात, तेराव्यात,
मधे टाळी, आणि वर झांज,
दर खान्यात एक, सगळ्या एकाच उंचीच्या,
प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरींसारख्या.

जानेवारी. रात्रपाळी. कारखान्याचा वजनकाटा.
केबिनमध्ये लॅपटॉपच्या पंख्याची काय ती ऊब.
हेडफोनचा डावा कान गेलाय.

गाणं घरी केलं, ताकारीला, माळ्यावर,
भिंतीला गादी टेकवून.
सूर बरे बसलेत. पण ढोल...
रूपेशला ऐकवलं तर म्हणाला,
हे हजेरीपुस्तक आहे.
सगळे हजर, आलेलं कुणीच नाही.

मग मी काय केलं? वाढवलं.
खाली अजून एक ठोका, वर अजून एक टाळी,
पत्र्यावर आपटलेली पळी,
काच फुटल्याचा आवाज, उगाच.
सतरा पट्ट्या झाल्या. गाणं होतं तिथंच.

दोनच्या सुमाराला बिरू हाक्के आला, जतचा,
मागं दोन ट्रॉल्या ऊस,
मडगार्डवर कपाटाएवढे दोन स्पीकर.
म्हटलं, एवढं लाव जरा.
त्यानं मफलर कानावरनं सरकवला,
ऐकलं, आणि मधेच बंद केलं.
“वाईट न्हाई,” म्हणाला. “पण रिकामी ट्रॉली हाय.”

मी नुसता बघत राहिलो.

“रिकामी लई वाजती, सायेब.
खड्डा आला तरी वाजती, न्हाई आला तरी वाजती.
भरल्याली वाजती व्हय?
रस्ता दबतोय निस्ता.”

आणि तो काट्यावर चढला.
पुढची चाकं: ठक्.
मग मोठी चाकं: धम्म्, पण लगेच नाही.
मग हुकाला ताण बसेपर्यंत काहीच नाही,
मग पहिली ट्रॉली, जड,
जिथं यायला हवी त्याच्या जराशी मागं,
आणि दुसरी त्याहून मागं,
जणू तिला कुणी घाई सांगितलीच नव्हती.
एकोणतीस टन चारशे.
गेली तीन वर्षं मी हे फक्त आकड्यात ऐकत होतो.

पावती फाडली आणि पुसायला बसलो.
काच गेली. पळी गेली. (पळी जरा जड गेली.)
झांजा एकाआड एक खाली आणल्या,
एक तर इतकी खाली
की दारातनं डोकावून पळालेलं पोर.
खर्ज आणि ठोका एकाच दारातनं घुसत होते,
खर्जाला म्हटलं, थांब,
त्याला आत जाऊ दे, मग ये.
टाळी बारा मिलिसेकंद मागं ओढली.
बारा मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही.
पण ओढल्यावर ती टाळी
कुणाच्या तरी हाताची वाटायला लागली.

राहिला तेरावा खाना.
तिथला ठोका काढला
तर कान अंधारात नसलेल्या पायरीवर पडायचा.
परत ठेवला. परत काढला.
मधे तीन गाड्या वजन करून गेल्या.
शेवटी काढलेलाच राहिला,
धाडस म्हणून नव्हे,
चौथी गाडी आली म्हणून.

पहाटे ऊस टाकून बिरू रिकाम्या वजनाला आला.
पेनड्राइव्ह दिला.
आता तो काही म्हणाला नाही,
काट्यावरनं उतरला आणि आवाज वाढवून निघाला.

गेटबाहेर आधी झांजा विरल्या,
मग सूर, ज्यावर मी दोन महिने घातले होते.
कालव्याच्या पुलापर्यंत नुसता ठोका ऐकू येत होता,
एक, पाच, नऊ,
आणि तेराव्याला, मी रिकाम्या ठेवलेल्या जागी,
ट्रॉलीचा फाळका खाडकन वाजला.
एकदाच. पुढच्या फेरीला नाही.
त्याच्या पुढच्या फेरीलाही नाही.

मागनं हॉर्न.
“ओ काटा, झोपलाय काय?”
गाडी नंबर, मी विचारलं,
बारा मिलिसेकंदांहून बऱ्याच उशिरा.