दोन वारांची बाई

मोंगूच्या दवाखान्याचं वेळापत्रक मीच केलं.
मंगळवार गरोदर बायकांचा,
गुरुवार अपंगांचा.
पट्टीनं आखलेलं, रंगीत. मला आवडलंही होतं.

नामाकाऊ मंगळवारी आली.
तिचं नाव पुकारलं, तीनदा.
ती बाकावर बसून होती,
भिंतीवरच्या डासाच्या चित्राकडे बघत.
ऐकू येत नाही, हे मंगळवारच्या कागदात
कुठे लिहायचं?

गुरुवारी खुणांची भाषा येणारा लिसेली होता.
तिच्या दिराचा मित्र.
त्याच्यादेखत रक्ताचं कसं विचारणार?
चितेंगेत गुंडाळलेले तिचे हात
गप्प राहिले.

आणि पूर ओसरेपर्यंत
परतीची होडी एकच, दुपारी एकची.
तोवर टोपलीतली मासळी वास मारायला लागलेली.

अहवालात मी लिहिलं:
बायका ब्याण्णव टक्के, अपंग एक्याऐंशी.
साहेब खूश.
दोन्हीकडच्या उरलेल्यांत ती होती,
दोनदा मोजलेली,
एकदाही न भेटलेली.

काल तिच्या धक्क्यावर गेले.
तिनं माझं वेळापत्रक हातातून घेतलं,
पालथं केलं,
कोऱ्या बाजूवर कोळशानं होडी काढली,
होडीत पोटुशी बाई,
काठावर कुणीच नाही.

मग कोळसा
माझ्या हातात दिला.